साइट की साईट?

वाचकहो, आजचा लेख वाचावयास बसण्यापूर्वी घरात एक लहानसा प्रयोग करून पाहा. कागदाचे चार तुकडे घ्या, घरातील चौघांच्या हाती एकेक द्या आणि सांगा, की संगणकावर जे स्थळ उघडून आपण रेल्वेचे तिकीट काढतो, त्याला काय म्हणतात ते लिहा. मग कागद परत घेऊन शेजारी शेजारी मांडा. शाळकरी मुलाने 'वेबसाइट' लिहिले असेल, त्याच्या वडिलांनी 'वेबसाईट', आईने 'वेब साईट' असे तोडून, आणि आजोबांनी वर्तमानपत्रात वाचलेले 'संकेतस्थळ'. घर इंदूर-ग्वाल्हेरकडील असेल, तर एखाद्या कागदावर हिंदीतून आलेले 'जालस्थल'ही सापडेल. यांपैकी कोणाला चूक म्हणावयाचे? मला विचाराल, तर कोणालाच नाही.

पत्रात किंवा गप्पांत अशा भेदाने कोणाचे काही बिघडत नाही. मासिकात आम्ही एकच रूप ठेवण्याची दक्षता घेतो. पण खरे सांगावयाचे तर तीही बरीचशी पानाच्या शोभेसाठी. एका पानावर 'साइट' आणि पुढल्या पानावर 'साईट' आले, म्हणून वाचक अडून राहत नाही. हाच शब्द छापील पानावरून उठून संगणकाच्या आज्ञावलीत जाऊन बसला, की मात्र कोणीतरी अडून राहते. कोण आणि कसे, हे मला माझ्याच एका चुकीने शिकवले.

काही वर्षांपूर्वी महाराष्ट्राबाहेरील एका शहरातील मराठी मंडळाने आपल्या ग्रंथालयासाठी एक आज्ञावली तयार करण्याचे ठरवले. सभासदाने घरबसल्या पुस्तकांची यादी पाहावी, हवे ते पुस्तक मागवावे आणि मंडळाच्या कार्यकर्त्याने ते दर पंधरवड्याला घरी पोहोचवावे, अशी योजना. मंडळाचे पुष्कळ सभासद साठी-सत्तरी ओलांडलेले. त्यांना जिने उतरून ग्रंथालयात येणे जमत नसे. आज्ञावली लिहिणारे तरुण होते. पडद्यावर दिसणारी सुमारे ४०० लहानमोठी वाक्ये मराठीत आणण्याचे काम तिघांनी वाटून घेतले. एक मूळचे पुण्याचे, दुसरे इंदूरचे, तिसरे बडोद्याचे. सगळा मजकूर शेवटी तपासून देण्यासाठी चौथी मी.

तिघांचे कागद हाती आले तेव्हा मला प्रथम हसू आले. पुणेकरांचा 'ब्राउझर' इंदूरकरांकडे 'ब्राउजर' झाला होता आणि बडोदेकरांकडे 'ब्राऊझर'. यातील ज-झची कथा मोठी गमतीची आहे. हिंदीत हा उच्चार दाखवण्यासाठी 'ज'खाली नुक्ता देतात. मराठीत नुक्ता नाही. 'जागा' आणि 'जीव' यांतील ज आपण निरनिराळे उच्चारतो, पण लिहितो एकाच अक्षराने. म्हणून परक्या भाषेतील हा ध्वनी आला, की पुण्यामुंबईचा मराठी लेखक 'झ'कडे वळतो. इंदूरच्या मनुष्याच्या डोळ्यांपुढे मात्र भोवतालच्या पाट्यांवरचे हिंदी रूप असते. तो त्याखालचा ठिपका तेवढा काढून टाकतो आणि मराठी झाले असे मानतो. त्याच्या कानाला त्यात काही खटकत नाही. तसेच 'आंतरजाल' आणि 'अंतरजाल' यांचे. आपण 'आंतरराष्ट्रीय' लिहितो, हिंदीभाषक 'अंतरराष्ट्रीय' लिहितात. शब्द बदलला तरी जुनी सवय त्याच्या मागोमाग येते.

मग बैठक भरली. बडोदेकरांनी अभिमानाने सांगितले, की सयाजीराव महाराजांच्या राज्यात १९३१ सालीच 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' निघाला आणि राज्यकारभारातील एकेका इंग्रजी संज्ञेपुढे आपल्या अनेक भाषांतील प्रतिशब्द मांडले गेले. इंदूरकर शांतपणे म्हणाले, "मग त्यात ब्राउजर काय दिलाय तो पाहा, आपण तोच घेऊ."

सर्वांत मोठा वाद 'साइट'च्या 'इ'वर झाला. मराठी साहित्य महामंडळाने पुरस्कारलेले शुद्धलेखनाचे चौदा नियम महाराष्ट्र शासनाने १९६२ साली स्वीकारले आणि १९७२ मध्ये त्यांत आणखी चारांची भर पडली, हे आपणांस ठाऊक असेलच. अकारान्त शब्दाच्या शेवटच्या अक्षराआधीचा इकार-उकार दीर्घ लिहावयाचा, हा त्यांपैकी आपल्या हातांत सर्वांत खोल मुरलेला नियम. गरीब, वकील, फूल, सून. पुणेकर म्हणाले, याच न्यायाने 'साईट', 'फाईल', 'लाईट'. मी म्हटले, नियम करणाऱ्यांपुढे वकील होता, संकेतस्थळ नव्हते. आणि 'साइट'मधला स्वर दीर्घ नाही, तो आधीच्या 'आ'ला चिकटून झटकन येतो. बोलून पाहा, 'ई' लांबवली तर शब्द हास्यास्पद होतो. पुणेकरांनी लगेच 'वकील' हा शब्द लांबवून दाखवला आणि विचारले, की हा तरी कोण असा उच्चारतो? याला माझ्याकडे उत्तर नव्हते. दोन संध्याकाळी अशा गेल्या. अखेर आम्ही 'संकेतस्थळ' स्वीकारले, म्हणून 'साइट'चे भांडण मिटले. उरलेल्या 'फाईल'साठी मते घेतली, त्यात मी हरले. माझे मत अजूनही ऱ्हस्वाचेच आहे, पण तेव्हापासून मी 'फाईल' असेच लिहिते. या लेखातही आपणांस तेच दिसेल.

फाईलने आम्हांला आणखी एक धडा दिला. इंग्रजीत शब्द जागचा हलत नाही. त्याच्या आधी एक अव्यय ठेवले की वाक्य तयार. मराठीत शब्दाला विभक्ती लागली, की त्याचे अंगच बदलते. फाईल, पण फायलीत. पान, पण पानावर. दुवा, पण दुव्यावर. आज्ञावली लिहिणाऱ्या मुलांनी नाम एका जागी साठवले होते आणि प्रत्यय दुसऱ्या जागी. संगणकाने निमूटपणे दोन्ही जोडले आणि पडद्यावर 'फाईलत' उमटले. लिंगाचे तसेच. 'वेबसाईट उघडली' या वाक्यात पूर्वीचा शब्द काढून 'संकेतस्थळ' घातले, की क्रियापदालाही 'उघडले' व्हावे लागते. संगणकाला एक शब्द शोधून त्याजागी दुसरा घालावयास सांगितले, तर शंभर ठिकाणी 'संकेतस्थळ उघडली' होऊन बसते. तेव्हा शब्द ठरवणे म्हणजे केवळ त्याचे मूळ रूप ठरवणे नव्हे. त्याचे लिंग आणि सामान्यरूपही त्याच वेळी लिहून ठेवावे लागते.

याहून चमत्कारिक गोष्ट पुढे घडली. पुस्तकांची यादी संगणकात भरून झाल्यावर मी सहज 'ॲन फ्रँक' हे नाव शोधले. तिच्या दैनंदिनीचा मराठी अनुवाद ग्रंथालयाच्या कपाटात माझ्या डोळ्यांसमोर होता. पडदा म्हणाला, असे पुस्तक नाही. यादी उघडून पाहिली, तर तेथेही 'ॲन फ्रँक' असेच लिहिलेले. अक्षर न् अक्षर सारखे. तरीही सापडेना.

झाले होते असे. जगातील लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारी 'युनिकोड' नावाची व्यवस्था आहे. संगणक अक्षराची आकृती पाहत नाही, त्याचा क्रमांक पाहतो. मराठीतील 'ॲ'ला या व्यवस्थेत स्वतःचा क्रमांक २००८ साली मिळाला. तोपर्यंत लोक 'अ' लिहून त्यावर अर्धचंद्र देत, आणि पुष्कळांच्या बोटांना अजून तीच सवय आहे. छापल्यावर दोन्हींत तिळमात्र फरक दिसत नाही, पण संगणकाच्या लेखी पहिले रूप एक अक्षर आहे आणि दुसरे दोन. 'फ्रँक'मध्ये दुसरा सापळा. त्यावरील खूण चंद्रबिंदू म्हणून एका कळीने उमटवता येते, किंवा अर्धचंद्र आणि अनुस्वार अशा दोन कळींनी. 'बँक' हा नित्याचा शब्दही याच सापळ्यात सापडतो. यादी भरणाऱ्याने एक वाट धरली, शोधणारीने दुसरी; आणि एका मुलीचे पुस्तक दोहोंच्या मध्ये हरवले.

हा रोग आपल्याच लिपीचा आहे असे मात्र समजू नका. इंग्रजीत 'वेबसाइट' हा शब्द वर्षानुवर्षे दोन तुकड्यांत आणि मोठ्या 'डब्ल्यू'ने लिहीत. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या लेखननियमांत तो २०१० साली जोडला गेला आणि त्याचे अक्षर लहान झाले. २०११ मध्ये 'ईमेल'मधील छोटी आडवी रेघ गेली, आणि २०१६ मध्ये 'इंटरनेट'चे पहिले अक्षरही लहान झाले. वृत्तपत्राला हे सोपे असते. आज ठरवावे, उद्याच्या अंकापासून पाळावे.

संगणकात तसे नाही. एका पानावरील दुवा दाबून आपण दुसऱ्या स्थळी गेलो, की आपण कोठून आलो हे आपला ब्राउझर त्या स्थळाला कळवू शकतो. या माहितीचे जे शीर्षक असते, तो इंग्रजी शब्द आहे 'रेफरर'. त्याच्या मध्यभागी 'आर' हे अक्षर जोडीने यावयास हवे. मूळ मसुदा करणाऱ्याच्या हातून एक 'आर' गळाला. कोणाच्या लक्षात आले नाही. १९९६ साली तो दस्तऐवज प्रसिद्ध झाला तोवर तेच रूप कित्येक आज्ञावलींत जाऊन बसले होते. एकाने दुरुस्त करावे तर दुसऱ्याला ते कळणार नाही, म्हणून आजतागायत जगातील सारे ब्राउझर तो शब्द अशुद्धच लिहितात. पुढे याच माहितीसंबंधी आणखी एक शीर्षक निघाले, त्यात मात्र दोन्ही 'आर' व्यवस्थित आहेत. म्हणजे आता एकाच घरात धाकटा शुद्ध आणि थोरला अशुद्ध, दोघेही सुखाने नांदतात.

याच क्षेत्रात शहाणपणाचेही एक उदाहरण आहे. पानांचे रंगरूप ठरवणारी जी भाषा आहे, तिच्यात करड्या रंगाचे नाव अमेरिकन पद्धतीने 'ए' घालून लिहा किंवा इंग्लंडच्या पद्धतीने 'ई' घालून लिहा, दोन्ही चालतात. गंमत अशी, की 'रंग' याच अर्थाचा शब्द मात्र त्या भाषेत केवळ अमेरिकन रूपातच चालतो. तेथे इंग्रज लेखकाला नमते घ्यावे लागते. आम्ही करड्या रंगाचा कित्ता गिरवला. सभासदाने शोधताना 'ॲ' कसाही लिहो, 'फाइल' म्हणो की 'फाईल', संगणकाने सर्व रूपे ऐकून घ्यावी; पण स्वतः पडद्यावर लिहिताना एकच रूप लिहावे. तरुणांनी तशी व्यवस्था केली. ॲन फ्रँक सापडली. आम्ही चौघे स्वतःवर खूश झालो.

आणि नेमकी त्याच सुमारास, घरोघर पुस्तके पोहोचवणाऱ्या कार्यकर्त्याने विचारले, की अमुक बाईंचे नाव दोन महिने यादीत का नाही?

या बाई निवृत्त शिक्षिका. सत्तरीच्या पुढच्या, गुडघ्यांमुळे बाहेर पडणे बंद, घरात एकट्या. पंधरवड्याला तीन पुस्तके संपवणारा असा सभासद मंडळात दुसरा नव्हता. कार्यकर्ता त्यांच्याकडे जाऊन आला आणि त्याने जे सांगितले ते ऐकून माझी मान खाली गेली.

आज्ञावलीत शिरताना जो गुप्त शब्द द्यावा लागतो, त्याला तिघांच्या कागदांवर तीन नावे होती: 'पासवर्ड', 'परवलीचा शब्द' आणि 'संकेतशब्द'. मला त्यांतील 'संकेतशब्द' आवडला. पहिल्या दोन पडद्यांवर मी तसा बदल केला, आणि तेवढ्यात दिवाळी अंकाच्या कामात सापडले. पुढचे पडदे तसेच राहिले. 'साइट'च्या 'इ'साठी दोन संध्याकाळी भांडणाऱ्या मला हे पुरे करावयास अर्धा तास मिळाला नाही.

बाईंनी पहिल्या पडद्यावर 'संकेतशब्द निवडा' असे वाचून एक शब्द निवडला आणि वहीत नीट लिहून ठेवला. दुसऱ्या दिवशी प्रवेशाच्या पडद्यावर आले 'पासवर्ड लिहा'. तो तर आपल्याला कोणी दिलाच नाही! मंडळाकडून टपालाने येत असेल, असे समजून त्या थांबल्या. मध्यंतरी मंडळाचा ईमेल आला, त्यात 'आपला परवलीचा शब्द कोणासही सांगू नये' अशी सूचना. म्हणजे मंडळात जाऊन विचारण्याचीही चोरी. कार्यकर्त्याने त्यांची वही पाहिली. 'संकेतशब्द' या नावापुढे शब्द लिहिलेला होता. खाली 'पासवर्ड' असे लिहून पुढची ओळ कोरी ठेवलेली होती. त्याखाली 'परवलीचा शब्द', आणि तीही ओळ कोरी. दोन महिने त्या टपालाची वाट पाहत होत्या आणि घरातली जुनी पुस्तके पुन्हा वाचत होत्या.

तेव्हा माझ्या ध्यानात आले, की आम्ही शिकारीला चुकीच्या रानात गेलो होतो. 'साइट' आणि 'साईट' एकच, हे कोणत्याही मनुष्याला सांगावे लागत नाही. तेथे अडतो तो संगणक, आणि त्याला समजावण्याची युक्ती आहे. 'संकेतशब्द' आणि 'पासवर्ड' यांच्या बाबतीत उलटे. संगणकाला त्यांचे सुखदुःख नाही, तो दोन्ही मुकाट्याने छापतो. अडते ते माणूस. आणि माणूस अडले म्हणजे पडद्यावर लाल अक्षरे उमटत नाहीत. ते गप्प बसते आणि आपलेच काही चुकले असेल असे म्हणते.

त्या आठवड्यात सगळी कामे बाजूस ठेवून मी एक यादी केली. अशा याद्या पूर्वीही झाल्या आहेत. संगणकावर वारंवार येणाऱ्या शब्दांसाठी २००८ साली सुरू झालेल्या 'फ्युएल' प्रकल्पाने आपल्या अनेक भाषांत हेच काम आरंभले होते. आमची यादी घरगुती. एका कागदावर पाच रकाने: शब्द, लिंग, सामान्यरूप, न वापरावयाची रूपे, आणि कारण. शेवटचा रकाना मी आग्रहाने ठेवला. कारण लिहिलेले नसले, की सहा महिन्यांनी नवा कार्यकर्ता तोच वाद पुन्हा उकरून काढतो. 'दुवा', 'पान', 'शोध' हे शब्द मराठी ठेवले, कारण ते पाहताच कळतात. 'ब्राउझर'ला मराठीत 'न्याहाळक' असा गोड शब्द कोणीतरी घडवला आहे; तो मला फार आवडतो, पण फोनवरून मदत करणारा नातू आजीला 'न्याहाळक उघड' असे म्हणत नाही. याच कारणासाठी 'संकेतशब्द' गेला. शिवाय 'संकेतस्थळ' आणि 'संकेतशब्द' एकाच पडद्यावर आले, की वाचणाऱ्याची नजर पहिल्या तीन अक्षरांवरच थांबे. 'परवलीचा शब्द' सोडताना जीव हळहळला. रात्रीच्या पहारेकऱ्याने अंधारात विचारावयाचा तो शब्द. याहून नेमके नाव कोणते? पण दोन शब्दांचे ते नाव बटणाच्या चौकटीत मावेना. राहिला 'पासवर्ड'. ४०० वाक्यांतून हिंडून मी तो प्रत्येक ठिकाणी स्वतः बसवला.

मग बाईंना फोन केला. म्हटले, "बाई, चूक माझी आहे. तिन्ही एकच आहेत."

पलीकडे क्षणभर शांतता. मग त्या म्हणाल्या, "अगं, दोन शब्द दिसले की अर्थाचा फरक शोधा, असं मी आयुष्यभर मुलींना शिकवत आले. तिसरा दिसला तेव्हा म्हटलं, ही तिसरी वस्तू असणार." त्यांनी वहीतल्या दोन कोऱ्या ओळींवर काट मारल्याचे सांगितले. नंतर विचारले, "आणि 'तुमचा पासवर्ड' की 'तुमचे पासवर्ड'? तुम्ही त्याला पुल्लिंगी धरलंत का?"

यादी माझ्यासमोरच होती. लिंगाच्या रकान्यात 'पासवर्ड'पुढची जागा मी मोकळीच ठेवली होती. मी विचारले, "तुम्ही काय धराल?"

"शब्द पुल्लिंगी, म्हणून हाही पुल्लिंगी. मी 'तुमचा' म्हणेन."

मी रकान्यात 'पु.' लिहिले आणि कारणाच्या रकान्यात बाईंचे नाव.